दहा सेंटीमीटरचा तुकडा

“मॅडम, थर्माकोलच्या मखरांवर सरकारनं २०१८ सालीच बंदी आणली, आणि तुम्ही अख्खी बिल्डिंग थर्माकोलची उभी करताय?”

ठोकळ्यांची पहिली गाडी खाली होताना मिस्त्रीमामांनी विचारलं आणि सगळी साइट हसली. मीही हसले. आयसीएफ, म्हणजे आत काँक्रीट भरायचे हे थर्माकोलचे पोकळ ठोकळे, मी त्याआधी एकदाच हाताळलं होतं, तेही ट्रेनिंगमध्ये, कमरेएवढ्या भिंतीवर.

साइट नाशिकजवळ, ओझरच्या अलीकडे, जानोरी रस्त्याला. द्राक्षाचं पॅकहाऊस, आणि जानेवारीत माल सुरू व्हायच्या आत ते उभं राहायला हवं होतं. आतल्या कोल्ड रूम नेहमीसारख्या पफ पॅनेलच्याच, म्हणजे पत्र्यामध्ये फोम भरलेल्या तयार पाट्यांच्या. पण ग्रेडिंग हॉल आणि ऑफिसच्या बाहेरच्या भिंतींतून ऊन आत येऊ नये, एसीचं बिल आटोक्यात राहावं, म्हणून मालकांनी हे काढलं होतं.

ठोकळा म्हणजे थर्माकोलच्या दोन पाट्या, मध्ये १५० मिलिमीटरची पोकळी आणि दोन्ही पाट्यांना धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे टाय. मामा त्यांना फासळ्या म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. दर २० सेंटीमीटरला एक फासळी. ठोकळे एकावर एक रचायचे, फासळ्यांच्या खाचांत सळई बसवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. शटरिंग खोलायची भानगडच नाही, ते भिंतीतच राहतं आणि तेच इन्सुलेशन. आमची भिंत ३.६ मीटरची, म्हणजे ४० सेंटीमीटरचे नऊ थर.

मामांचा या पांढऱ्या पाट्यांवर काडीचा विश्वास नव्हता. “ह्याला जोर कसला?” म्हणत त्यांनी मधल्या सलग भिंतींना सांगितल्यापेक्षा जास्त टेकू लावले. मी अडवलं नाही. ओलं काँक्रीट पाण्यासारखं आडवं ढकलतं. १.२ मीटर भरलं की तळाशी चौरस मीटरला जवळजवळ २.९ टन दाब येतो. म्हणून एका फेरीत १.२ मीटरच भरायचं, अख्ख्या इमारतीला वळसा घालून परत यायचं, तोवर खालचं आवळत आलेलं असतं. तीन फेऱ्यांत भिंत पुरी. काँक्रीटमधली खडी बारीक, काँक्रीट हलवून बसवणारी व्हायब्रेटरची नीडलही बारीक.

कागदावर हे फार सोपं वाटतं.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. शेजारच्या बागेत छाटणी चालली होती. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, पहिली गाडी आठला येणार होती. ती द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून सुटून साडेअकराला आली. दीडपर्यंत पहिली फेरी झाली. मग मधली एक गाडी पुन्हा रखडली. साडेतीनला रामशेज किल्ल्याच्या अंगानं काळं भरून आलं, आणि परतीचा पाऊस नाशिककरांना काय सांगायचा. पंपवाला घाई करायला लागला. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, पश्चिमेची भिंत एकदम वरपर्यंत भरून घेऊ, उरलेल्या दोन्ही फेऱ्या एका दमात.”

मी मान हलवली. ती मान माझी होती, दुसऱ्या कुणावर ढकलण्यात अर्थ नाही. एका दमात २.४ मीटर म्हणजे दाब दुप्पट, हे गणित सकाळीच मी पोरांना समजावलं होतं.

त्याच भिंतीत रोलिंग शटरसाठी मोकळी जागा सोडली होती. तिच्या कडेला ठोकळ्याचं माप बसेना, दहा सेंटीमीटर उरत होते. तेवढा तुकडा कापून फोमनं चिकटवला होता. त्या तुकड्यात फासळी नाही. म्हणून आतून-बाहेरून प्लायची पट्टी मारून ती शेजारच्या फासळ्यांत स्क्रूनं आवळायची, असं माझ्या यादीत होतं आणि सकाळी मी त्यावर टिकही केली होती. मधल्या वेळात बाहेरची पट्टी कुणीतरी काढून पंपाचा पाइप धरणाऱ्याच्या पायाखाली टाकली. चांगली जाड पट्टी होती, त्याचंही काय चुकलं!

आधी आवाज आला. नवीन टीव्हीच्या खोक्यातून थर्माकोल ओढताना येतो तसा, किर्रर्र. दात शिवशिवले. मी वळले तोवर तो तुकडा पोटासारखा फुगला होता. मग धप्प. राखाडी लोंढा मामांच्या गमबुटावर.

मामांनी शिट्टी मारून पंप बंद करवला. दोन पोरं प्लायनं तो माल परत आत दाबायला धावली, त्यांना मामांनी हातानं मागे सारलं. “आधी काढा, मग लावा!” तोंडाशी आलेलं सगळं फावड्यानं ओरपून घमेल्यांत घेतलं, भोक मोकळं केलं, मग प्लाय, त्यावर दोन आडवे रनर, शेजारच्या फासळ्यांत स्क्रू, मागून जॅक. वीसेक मिनिटं. जमिनीवर पाव घनमीटर तरी पडलं होतं, म्हणजे सहाशे किलो. भिंत ओळंब्यात बारा मिलिमीटर बाहेर गेली होती, ती टेकूंच्या टर्नबकलनं, म्हणजे लांबी कमी-जास्त करायच्या स्क्रूनं, हळूहळू आत घेतली. तिथं तासभर हात लावला नाही, तोवर पूर्वेची दुसरी फेरी उरकली.

पाऊस निफाडकडे निघून गेला. आमच्याकडे थेंबही नाही.

आयसीएफमध्ये मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे आतलं दिसत नाही. नेहमीच्या भिंतीचं प्लाय खोललं की काँक्रीटचं तोंड दिसतं, इथं ते जन्मभर झाकलेलंच. मला झोप लागेना. सहाव्या दिवशी त्या जागी करवतीनं फूटभर चौकोन कापला. पांढरे मणी सगळ्या अंगाला चिकटले. आत भिंत गुळगुळीत होती, फक्त खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढं हनीकोंब, खडी उघडी पडलेली. हातोड्यानं वाजवत गेलो, दोन सेंटीमीटर आत गेल्यावर खणखणीत लागलं. सैल भाग काढून नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे सुकताना न आकसणारा मसाला, भरलं.

दुसऱ्या दिवशी कापलेला चौकोन फोमनं परत बसवला. मी हिशेब लिहीत उभी होते, मागे स्क्रू-गनचा आवाज आला. त्या चौकोनावर मामा प्लायची पट्टी मारत होते, एक नाही, तीन. आत काँक्रीट कधीच दगड झालेलं.

“मामा, आता कशाला?”

“राहू द्या मॅडम,” ते म्हणाले आणि चौथी मागवली.