न मागितलेला शेक

सकाळपासून यांच्यावर चिडलेय. कारण सांगायला गेले तर ऐकणारा मलाच वेड्यात काढेल. उठून बसले तर पलंगाच्या कडेला गरम पाण्याची पिशवी तयार होती. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, बूच घट्ट आवळलेलं. मी मागितली नव्हती.

बस्स. एवढंच झालंय.

हे खुर्चीत, वर्तमानपत्रात डोकं खुपसून. ‘घे’ नाही, ‘दुखतंय का’ नाही, साधी मान वर केली नाही. मीही काही बोलले नाही. पिशवी गुडघ्यावर ठेवली. ऊब आत मुरायला लागली तसा रागही चढायला लागला. कपाटात नाकासमोर टांगलेला स्वतःचा सदरा ज्या माणसाला सापडत नाही, त्याला माझं दुखणं कधीपासून दिसायला लागलं?

गुडघ्याचं एक वेळ सोडा. गुडघा दिसतोच. जिना उतरताना मी कठडा धरते, एक पाय खाली, मग त्याच पायरीवर दुसरा, हे कुणालाही कळेल. शिवाय तो वाजतो. पण बूच? बुचाचं मी कुणालाच कळू दिलं नव्हतं.

शेकायची पिशवी ज्याने कुणी काढली त्याची बोटं ठणकत नसणार. ज्या हातांना ऊब हवी त्याच हातांनी ते बूच पिळून आवळायचं. अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ जाते की डोळ्यांत पाणी येतं. म्हणून मी एक युक्ती काढलीय. भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवायचा, पिशवी पोटाशी धरायची, आणि बोटांना त्रास न देता सबंध तळवा बुचावर दाबून खांद्यापासून हात फिरवायचा. बूच बसतं. बघायला ते फार केविलवाणं असणार, म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. घर उठायच्या आत.

म्हणजे यांनी ते पाहिलंय. दार किलकिलं करून पाहिलं असेल आणि आल्या पावली मागे फिरले असतील. केव्हा पण? काल? गेल्या थंडीत? आणि तेव्हापासून माहीत असून गप्प? दिवसभर माझं डोकं त्या दारापाशी अडकून पडलंय.

सकाळचा पहिला अर्धा तास माझा एकटीचा, अशी माझी समजूत होती. त्या वेळात मूठ वळत नाही. गुडघे रात्रीत कुणीतरी डिंकाने चिकटवून ठेवल्यासारखे, मग हळूहळू सुटत जातात. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तेच विचारलं होतं, मोकळं व्हायला किती वेळ लागतो म्हणून. अर्ध्या तासाच्या आतच, असं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. झिजेच्या संधिवातात साधारण एवढंच असतं. सांधे तासाच्या वर आखडलेले राहिले, दोन्ही हातांचे सारखे सुजले, तर आमवाताची शंका घ्यायची; त्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. एक्स-रे वगैरे होऊन माझी झीज निघाली. तेव्हा हायसं वाटलं होतं. घरी आल्यावर मात्र... असो.

बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी आल्यात. हेबर्डेनच्या गाठी. विल्यम हेबर्डेन हे १८व्या शतकातले इंग्रज डॉक्टर. त्यांनी या गाठींचं वर्णन लिहून ठेवलं, ते पुस्तक त्यांच्या मागे १८०२ मध्ये छापून आलं. एवढ्या काळात गाठींवर उतारा काही निघाला नाही, नाव तेवढं टिकलं. बायकांना जास्त होतात, आणि घराण्यात चालत येतात. आईच्या हातांनाही होत्या. तिला कधी कुणी...

अंगठी ड्रॉवरमध्ये आहे. त्याबद्दल आज नको.

एक गोष्ट मात्र वाचल्यापासून माझा पिच्छा सोडत नाही. सांध्यात जी झिजते त्या कूर्चेला मुळात मज्जातंतूच नसतात. रक्तवाहिन्याही नाहीत, म्हणून ती धड भरूनही येत नाही. झिजताना तिला स्वतःला काही कळत नाही. दुखतं ते शेजाऱ्यांना, म्हणजे खालच्या हाडाला, सांध्याच्या अस्तराला, भोवतालच्या स्नायूंना. दुपारी हे आठवून हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. रात्री मी कूस बदलते तेव्हा गादी हलते. हे त्याच गादीवर झोपतात. मी कण्हतेही का? झोपेत? मला कोण सांगणार?

मला कुणी पाहायला नको होतं, हेच खरं. मुकाट सोसते म्हणून कौतुक हवंय असंही नाही. (थोडं हवंय.) पण न विचारता कुणी पिशवी भरून ठेवली की दुखणं माझं राहत नाही, घरादाराचं होतं. मग जेवताना त्याच्यावर चर्चा, मग धाकट्याचा फोन, ‘आई, ऑपरेशनचं बघू या का एकदा?’ ताईचंही असंच सुरू झालं होतं. आधी पिशवी, मग हिटिंग पॅड, मग पॅड लावूनच झोपायला लागली. पाठीवर तपकिरी जाळी उमटली होती, रोज रोज कातडी शेकली की उमटते तशी. ती जाळी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मी... नको. रात्रीच्या वेळी ताई नको.

संध्याकाळी शेवटी मी विषय काढलाच. पण आडून.

‘पिशवीत पाणी उकळतं घातलं होतंत का?’

‘हो मग! चांगलं खळाखळा उकळलेलं.’ आवाजात काय तो अभिमान.

‘आणि गळ्यापर्यंत?’

‘कमी पडायला नको ना तुला.’

इथे माझा राग जो फसकन निसटला तो निसटलाच. म्हणजे दारातून पाहिलं ते फक्त बूच! पुढचं-मागचं काही पाहिलंच नाही. उकळतं पाणी घालायचं नसतं, रबर लवकर जातं, आणि गळली तर गुडघा राहिला बाजूला, मांडी निस्तरत बसायचं. पाणी दोन तृतीयांश. मग पिशवी उभी धरून हलकेच दाबायची, आतली हवा जाऊ द्यायची, पाणी तोंडाशी आलं की बूच. हवा राहिली तर पिशवी टम्म फुगते आणि गुडघ्यावर बसतच नाही. सकाळी ती सारखी घरंगळत होती आणि मी समजत होते की माझाच हात थरथरतोय.

मग सगळंच सांगितलं. की मधे फडकं हवंच, आणि पंधरा-वीस मिनिटं पुरे. जास्त शेकून जास्त काही पदरात पडत नाही. ऊब फार खोल उतरत नाही, झिजलेलं तिने परत येत नाही. रक्त जरा मोकळं फिरतं, आखडलेले स्नायू सैल पडतात, आणि मेंदूला दुखण्याकडे बघायला थोडा वेळ फुरसत मिळत नाही. शेकाचं काम तेवढंच. मला ते पुष्कळ आहे. हातांना तर मी पिशवी लावतही नाही. पातेल्यात सोसवेल इतपत गरम पाणी घ्यायचं, हात मनगटापर्यंत बुडवायचे आणि आतल्या आत मुठी उघडझाप करायची. पाण्यात गाठी जास्तच मोठ्या दिसतात, पण तिसऱ्या-चौथ्या मुठीला करंगळी तळव्याला टेकते. दिवसभरातलं माझं सगळ्यात आवडतं काम आहे ते. हे मात्र यांना सांगितलं नाही. काहीतरी आपलं राहू दे.

यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने सगळं टिपून घेतलं. पेनाने! आणि अंगात आल्यागत उठून मलम घेऊन आले, ते मिरचीच्या अर्काचं. ‘हे चोळू आणि वरून पिशवी. दुप्पट गुण.’

अहो, भाजेल! त्या मलमात ऊब नसतेच. कातडीतल्या मज्जातंतूंवर जे दार खऱ्या चटक्याने उघडतं, तेच मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं, आणि मेंदूची समजूत होते की भाजतंय. हे शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलिअस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे आधीच फसलेल्या जागेवर खरा शेक ठेवायचा, मग चटका कधी बसला तेही कळायचं नाही. शिवाय हे दिवसातून दहादा डोळे चोळणारे गृहस्थ. ट्यूब काढून घेतली आणि हात साबणाने धुऊन यायला सांगितलं. मलमाला हात लागलेला नसतानाही. खबरदारी म्हणून.

‘आणि गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी शेक द्यायचाच नाही,’ मी म्हटलं. ‘त्या दिवशी थंड.’

‘म्हणजे आधी हात लावून बघायचं.’

‘म्हणजे आधी विचारायचं.’

‘विचारलं की तू नाही म्हणतेस.’

आता यावर काय बोलणार. दाराचं मी विचारलं नाही. विचारणारही नाही बहुतेक. हे खरं सांगतील, हीच अडचण आहे.

मग व्यायाम. शेकून सांधे सैल आहेत तोवरच तो उरकायचा, अशी फिजिओथेरपिस्ट बाईंची सक्त ताकीद आहे. त्यांच्या लेखी शेक म्हणजे नुसती पूर्वतयारी, गुडघ्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूचा. खुर्चीत ताठ बसायचं, पाय समोर सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत तसाच धरायचा, सावकाश खाली. आज मोजायचं काम यांनी अंगावर घेतलं. हातातलं घड्याळ काढून, माझ्यासमोर स्टूल ओढून. ‘तीन’ म्हणून झालं की यांना वर्तमानपत्रात काहीतरी दिसतं, ते मला वाचून दाखवतात, त्यावर स्वतःचं मत देतात, आणि मग ‘चार’. पाय तिकडे हवेत, मांडी लटलट कापतेय, आणि मी ओरडतेय, पाच म्हणा, आधी पाच म्हणा!

उद्यापासून मोजणी माझी. तीही मोठ्याने.