पेनामागे रेंगाळणारी रेघ : ग्राफिक्स कार्डाची वीजबचत आणि माझा अनुभव

सोलापुरात जकार्ड मागावर विणल्या जाणाऱ्या चादरींची नक्षी मी लिनक्सच्या संगणकावर काढतो. नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून पेन टॅबलेटवर ओढलेली रेघ सुरुवातीला मागे राहायची आणि मग एकदम पेनाला येऊन मिळायची. मोराच्या पिसाऱ्याची बारीक वळणे काढताना ते फार जाचक व्हायचे.

कार्डात दोष नव्हता. एएमडीच्या कार्डांचा लिनक्समधला एएमडीजीपीयू ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) सुरुवातीला वेगाच्या ‘ऑटो’ सेटिंगवर असतो आणि त्यात कामाचा भार पाहून क्लॉक, म्हणजे कार्डाच्या कामाचा वेग, कमी-जास्त होतो. पेनाचे काम मात्र तुटक असते. दोन रेघांमध्ये कार्डावरच्या ग्राफिक्स प्रोसेसरला काहीच काम नसल्यामुळे क्लॉक तळाला जातो. ६० हर्ट्झच्या पडद्याला प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात फ्रेम तयार झाली नाही तर ती पुढच्या खेपेवर जाते. लिनक्स हार्डवेअरची माहिती आणि सेटिंग्ज सिसएफएस नावाच्या फोल्डरातल्या फाइलींतून दाखवते; त्यातली क्लॉकच्या पातळ्या दाखवणारी फाइल ‘वॉच’ (पुन्हा पुन्हा ताजे आकडे दाखवणारी आज्ञा) लावून पाहिली, तेव्हा चालू पातळीपुढची चांदणी (*) पेन टेकताना सर्वांत कमी वेगाच्या पातळीवर असे आणि अर्धी रेघ ओढून झाल्यावर जास्त वेगाच्या पातळीवर जाई.

सेटिंग ‘हाय’ (क्लॉक कायम सर्वांत वर) केल्यावर रेघ पेनाला चिकटली खरी, पण मी नुसता चहा पीत बसलो तरी पंखा घोंघावत राहिला, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, खोलीत आणखी एक शेगडी कोणाला हवी आहे? म्हणून पातळ्या आपण ठरवण्याचे ‘मॅन्युअल’ सेटिंग निवडून मी क्लॉकची फक्त सर्वांत खालची पातळी वगळली. मेमरीचा क्लॉक मुद्दाम वर बांधला नाही, कारण तो चढा राहिला की रिकाम्या वेळेतही वीज बरीच जाते.

हे बदल रूट (संगणकाच्या मुख्य प्रशासकाच्या) अधिकारानेच करता येतात आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाहीत. त्यामुळे नक्षीचे सॉफ्टवेअर उघडताना ‘मॅन्युअल’ आणि बंद होताना ‘ऑटो’ करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. वीज गेली की यूपीएस यूएसबीवरून तसे कळवतो आणि स्क्रिप्ट लगेच ‘ऑटो’वर परतते, तेवढ्या वेळात मी रेघा सोडून रंग भरण्याचे काम उरकतो.