वहीतल्या अकरा नोंदी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून निरोप आला. रात्री जमिनीतून धडाम असा आवाज येतो, मांडणीवरची भांडी खुळखुळतात. वाडीजवळ गरम पाण्याचं कुंड आहे, म्हणजे खाली ज्वालामुखी तर नाही ना? सरपंचांनी एक फार मोलाचं काम केलं होतं: प्रत्येक आवाजाची तारीख आणि मोबाईलवरची वेळ शाळेच्या वहीत लिहून ठेवायला लावली होती.

तीन भूकंपमापक एकमेकांपासून पाच-सहा किलोमीटरवर, त्रिकोणात बसवले. कोकणात जागा शोधण्यातच अर्धा दिवस जातो. वर जांभा असतो. तो सच्छिद्र आणि पोकळ, त्यात भूकंपाच्या लाटेची धार बोथट होते. खाली ताजा काळा पाषाण लागेपर्यंत खणावं लागतं, आणि माडापोफळींपासून दूर, कारण वारा सुटला की झाड मुळांसकट जमीन हलवतं. यंत्राची एक बाजू अचूक उत्तरेला लावायची असते, पण बेसाल्टमध्ये लोहचुंबकी खनिजं असल्यामुळे होकायंत्राची सुई भरकटते. म्हणून उत्तर दिशा उन्हात काठीच्या सावलीवरून घेतली. वरून थर्माकोलची पेटी झाकली, नाहीतर खड्ड्यातली हवा तापते-निवते तशी यंत्राने काढलेली कंपनांची रेघ सरकत राहते.

नऊ दिवसांनी शाळेच्या पडवीत लॅपटॉप आणि वही शेजारी ठेवून बसलो. नऊ दिवसांत वहीत अकरा नोंदी झाल्या होत्या.

चार नोंदी दुपारच्या होत्या आणि त्या सुरुंगाच्या निघाल्या. सुरुंग चहूबाजूंना बाहेर ढकलतो, त्यामुळे तिन्ही यंत्रांवर पहिली हालचाल वरच्या दिशेला येते. दुय्यम लाट, म्हणजे पहिलीच्या मागून पोहोचणारी, अशक्त असते आणि मागून पृष्ठभागावरून लोळत येणारी मोठी लाट दिसते. दोन नोंदींच्या वेळी यंत्रावर काहीच नव्हतं. त्या दोन्ही संध्याकाळी परतीच्या पावसाचा गडगडाट होता. उरलेले पाच खरे भूकंप. यंत्रांनी मात्र तेवीस पकडले होते. माणसांना रात्रीचेच जाणवले, कारण तेव्हा गाव शांत असतं.

भूकंपाचं अंतर काढणं सोपं असतं. प्राथमिक लाट आधी येते, दुय्यम मागून. दोन्हींमधले सेकंद मोजायचे आणि साधारण ८ ने गुणायचे, किलोमीटर मिळतात. वाडीतल्या यंत्रावर फरक ०.५ सेकंद, म्हणजे ४ किलोमीटर, दुसऱ्यावर ०.८, तिसऱ्यावर ०.९. तिसऱ्या यंत्राच्या घड्याळाला अचूक वेळ पुरवणारी जीपीएस तार मुंग्यांनी पोखरली होती आणि ते घड्याळ दीड सेकंद मागे पडलं होतं. लाट पोहोचल्याच्या वेळेवरून केंद्र काढलं असतं तर ते नऊ-दहा किलोमीटर लांब गेलं असतं. पण दोन लाटांमधला फरक त्याच घड्याळाने मोजलेला असतो, त्यामुळे वजाबाकी बिघडत नाही. नकाशावर प्रत्येक यंत्राभोवती त्याच्या अंतराएवढ्या त्रिज्येने काढलेली तीन वर्तुळं एका बिंदूत मिळाली नाहीत, एकमेकांवर चढली. तसंच व्हायला हवं होतं. हे अंतर जमिनीतून तिरकं असतं आणि त्या चढण्यातूनच खोली कळते: सुमारे साडेतीन किलोमीटर.

खोली इतकी कमी, म्हणूनच आवाज येतो. कठीण कातळात वेगवान कंपनं विरत नाहीत. सेकंदाला वीसहून अधिक वेळा हलणारी जमीन हवेलाही हलवते, आणि कानाला ते ऐकू येतं.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही बोलत असतानाच तो आवाज झाला. मुलं अंगणात धावली. पडद्यावर रेघ उठली होती आणि तिची पहिली हालचाल खाली होती. सुरुंग जमीन अशी खाली ओढत नाही. अर्ध्या सेकंदाने दुय्यम लाट आली, पहिलीच्या तिप्पट उंच. वाडीतल्या लोकांनी पडद्यावर प्रत्यक्ष पाहिलेला तो पहिला भूकंप, आकार (मॅग्निट्यूड) १.८.

एका आजींनी विचारलं, “मग ह्या कुंडाखाली काय तापतंय?” कोकणातले काळे कातळ ज्या लाव्हाचे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर आला आणि कधीच थंड झाला. पाणी तापतं ते पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेनं. खाली जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून दीड-दोन किलोमीटर उतरतं आणि दुसऱ्या भेगेने पटकन वर आलं तर साठ अंशांच्या आसपास गरम राहतं. जिवंत ज्वालामुखीत जमीन फुगते आणि यंत्रावर तासन्‌तास न थांबणारी थरथर दिसते. इथे तसं काहीही नव्हतं.

पावसाळ्यानंतरच हे का सुरू होतं? भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढला की दोन कातळांची एकमेकांवरची पकड सैल होते. ताण आधीपासून साठलेला असतो, पाणी त्याला फक्त वाट करून देतं. घाटापलीकडे कोयनेचं धरण भरल्यानंतर, ११ डिसेंबर १९६७ रोजी, ६.३ चा भूकंप झाला, तिथेही जलाशयाचं पाणी हेच कारण मानलं जातं. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका चालली होती.

मोठा भूकंप येईल का, याचं उत्तर कुणीही देऊ शकत नाही आणि मी ते दिलं नाही. आकार २ आणि ६ यांच्या ऊर्जेत दहा लाख पटींचा फरक असतो, एवढं सांगितलं. मग घरं पाहिली. चिऱ्याच्या भिंती मातीत रचलेल्या, माळ्यावर लाकूड आणि भाताच्या कणगी. आधी ते वजन खाली उतरवायला सांगितलं. नव्या बांधकामात चौकटींच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा घ्या, किमान ७५ मिलीमीटर जाड, आत दोन सळया, आणि कोपऱ्यात सळया न तोडता वळवा. कोपरे उघडले की भिंती सुट्या होऊन बाहेर पडतात.

निघताना सरपंचांनी वहीत तीन नवे रकाने आखून घेतले: आकाशात ढग होते का, भांडी वाजली का, किती जण जागे होते.