आमची वाटचाल : अण्णांचं वाइंडिंग आणि एक डुक्कर फियाट

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात विजेच्या मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायचं काम, करायचे. संप लांबला. हाताला काम नसलं की अण्णा चिडचिडे व्हायचे, म्हणून आईनेच मंगळसूत्र मोडायला काढलं आणि लालबागला चाळीखालचा एक गाळा भाड्याने घेतला. टॅक्सीवाल्यांचे डायनामो (बॅटरी चार्ज करणारे) आणि सेल्फ (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरी), एवढंच काम. बोर्डसुद्धा नव्हता.

ग्राउलर, म्हणजे वाइंडिंगमधला दोष शोधायचं यंत्र, अण्णांनी स्वतः बनवला, भंगारातल्या पत्र्या जुळवून. तो आजही चालतो. आर्मेचर, म्हणजे डायनामोचा तार गुंडाळलेला फिरणारा भाग, त्यावर ठेवायचं, वर हॅकसॉचं पातं धरायचं आणि हळूहळू फिरवायचं. कॉइल शॉर्ट असेल त्या खाचेवर पातं भुंग्यासारखं गुणगुणतं. कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या कड्याच्या, पट्ट्यांमधला अभ्रक खाली घ्यायलाही हॅकसॉचंच पातं, बाजू घासून पातळ केलेलं. वाइंडिंग झालं की अण्णा शेवटची दोऱ्याची गाठ डाव्या हाताने बांधायचे. ती गाठ मला अजून जमत नाही.

पुढची बारा-तेरा वर्षं काम भरपूर होतं. सांगण्यासारखं काही नाही.

१९९६ ला समोरच्या फुटपाथवर दुकान उघडलं. मालक आमच्याकडेच चार वर्षं हेल्पर होता, आईच्या हातचं जेवलेला. काचेचा दरवाजा, डिजिटल मीटर, गिऱ्हाइकाला थंडा. त्याचं मला काही नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण त्याने टॅक्सी स्टँडवर सांगायला सुरुवात केली की अण्णा जुनीच तार परत भरतात. सहा महिन्यांत निम्मी टॅक्सी तिकडे गेली. दोन महिने गाळ्याचं भाडं थकलं. अण्णा बोलायचे नाहीत, नुसते ग्राउलर पुसत बसायचे. त्या दिवाळीला मी एका कंपनीत वायरमनच्या नोकरीचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता.

आम्हाला तारलं ते दादर पारसी कॉलनीतल्या बावाजींनी. त्यांची डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११००, नवीन रंग मारून व्हिंटेज रॅलीसाठी चकाचक केलेली. दर तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरलेली. समोरच्याने दोन बॅटऱ्या बदलल्या आणि मग सांगितलं, आर्मेचर गेलंय, अण्णांचं वाइंडिंग आहे ना, असंच होणार. बावाजी गाडी ढकलत आमच्याकडे घेऊन आले. "डिकरा, तुजा बाप खोटा काम करनार नाय. बघ तू."

डायनामो उतरवायच्या आधी मी हेडलाइट लावून, इंजिनाचा वेग जरा वर ठेवून मीटर लावला. डायनामोच्या टोकाला, त्याच्याच अंगावर अर्थ धरून, १३.९ व्होल्ट. म्हणजे आर्मेचर ठणठणीत. बॅटरीच्या दोन टोकांत १२.३. मग मधले १.६ गेले कुठे? प्लसच्या वायरवर ०.२, ते चालतं. बाकीचे १.४ डायनामोचं अंग आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये! कुणीतरी वायरिंग करताना कटआउटची, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीची, अर्थ थेट डायनामोच्या अंगावर घेतली होती, त्यामुळे कटआउट १३.९ बघून समाधानी आणि बॅटरी उपाशी. सेल्फ मारताना मी चोकच्या बटणाला हात लावला तर ते गरम! इंजिन रबरावर बसलेलं, करंटला परतायला दुसरी वाट नाही, म्हणून तो चोकच्या केबलमधून जात होता. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढली. खाली नवाकोरा रंग, जाड थर. रंगाऱ्याने बॉडी रंगवली आणि पट्टी रंगावरच कसली. कानशीने रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीस लावलं. बॅटरीवर १३.७. बिल दीडशे रुपये. समोरच्याने दोन बॅटऱ्यांचे किती घेतले असतील ते तुम्हीच धरा.

बावाजींनी ही गोष्ट रॅलीत सगळ्यांना सांगितली. तेव्हापासून आम्ही जुन्या गाड्यांचे झालो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा टॅक्सीवर बसलेली दुकानं हादरली, आम्हाला फारसं जाणवलं नाही.

जाता जाता सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. चालू गाडीची बॅटरी काढून चार्जिंग तपासू नका. डायनामोच्या काळात खपून जायचं, अल्टरनेटरचे (डायनामोच्या जागी आलेल्या यंत्राचे) डायोड उडतात. अॅम्बॅसेडरच्या लुकास डायनामोच्या डी आणि एफच्या वायरी काढून डायनामोचीच दोन्ही टोकं एकमेकांना जोडा, तिथे आणि डायनामोच्या अंगावर मीटर लावा आणि इंजिनाचा वेग अगदी हळू वर न्या. व्होल्टेज चढत गेलं तर दोष पुढे, कटआउटमध्ये किंवा वायरिंगमध्ये. रेस मात्र करू नका, आर्मेचर जळेल आणि मग माझ्याकडेच याल. जुन्या मॉरिसमध्ये प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस गाडीच्या अंगाला, बॅटरी बसवण्याआधी बघा. आणि अल्टरनेटरवाल्या गाडीत बॅटरी चार्ज होत नसेल आणि डॅशबोर्डचा लाल दिवा चावी लावूनही पेटत नसेल तर आधी तो बल्ब बदला. तीन रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर उतरवणारे मी पाहिलेत.

अण्णा आता नाहीत. समोरचं दुकान आहे, बोर्डावर डायनामो स्पेशालिस्ट असं मोठ्या अक्षरात आहे. गेल्या पावसाळ्यात तिकडचा एक पोरगा गोणपाटात गुंडाळलेलं आर्मेचर घेऊन आला. कुठून आलास विचारलं तर म्हणाला, भायखळ्याहून. मी ते ग्राउलरवर फिरवलं, एकही खाच गुणगुणली नाही. टोकाला पाहिलं तर डाव्या हाताची गाठ. फक्त कम्युटेटर लेथवर घेतला, अभ्रक खाली केला आणि परत दिलं. पैसे पूर्ण घेतले.