तुम्ही विचारलंत म्हणून: घुबडं रात्री दिसत नाहीत, मग अभ्यास कसा करता?

हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते. माझं निम्मं काम दिवसाउजेडी चालतं, जुन्या गोठ्यात नाहीतर पडक्या घरात, जमिनीवर बसून. घुबड उंदीर अख्खा गिळतं पण केस आणि हाडं काही पचत नाहीत, मग काही तासांनी त्यांची गोळी होऊन तोंडातून बाहेर पडते. गव्हाणी घुबडाची ताजी गोळी काळपट, चकचकीत, साधारण अंगठ्याएवढी. कोमट पाण्यात भिजवायची आणि चिमट्याने हळूहळू सोडवत जायचं, केसांच्या गुंत्यातून एक कवटी निघते, मग दुसरी, कधीकधी चार-पाचसुद्धा. पुढचे दात लांब नारिंगी आणि दाढांच्या आधी मोकळी फट असेल तर उंदीर, बारीक टोकदार दातांची सलग ओळ असेल तर चिचुंद्री.

शेतकऱ्याला मी भाषण देत बसत नाही, त्या कवट्या त्याच्या तळहातावर ठेवते. तो मोजतो. आणि मग हमखास विचारतो, घुबडाला घरटं करायला पेटी कधी लावायची?

पेट्यांचा उपयोग होतो, इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावतायत. पण माझं म्हणणं एकच, आधी उंदरांचं विष बंद करा. रक्त गोठू न देणारं ते औषध खाऊन उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, घुबडाला तोच सहज सापडतो आणि विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. म्हणजे एकीकडे पेटी आणि दुसरीकडे विष ठेवलं तर आपणच त्याला बोलावून मारतोय.

मी हे एकदा केलंय. पेटी लावली, विषाचं विचारायचं राहून गेलं. घुबडाची मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते म्हणून पिल्लं लहान-मोठी असतात, त्या पेटीत थोरलं उडायच्या बेतात होतं आणि धाकटं अजून पांढऱ्या लवेत, चारही मेलेली. तपासणी झाली नाही त्यामुळे विषच होतं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण बांधावर औषधाची रिकामी पाकिटं पडली होती.

आता शिडी लावायच्या आधी मी बांधावरून एक चक्कर मारून येते.