आजीची तुळस, माझी तुळस

आज मनगटावर तुळस गोंदवून घेतली. दोन इंचांची, पण तास गेला. दुखलं का? मऊ भागावर मांजरानं ओरबाडल्यासारखं; हाडाजवळ सुई आली तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी.

सुई माझ्यासमोरच सीलबंद पाकिटातून काढायला लावली, शाईही नव्या टोपणात ओतून घेतली. तो मुलगा जरा हसला. हसू दे. जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांचे हात गोंदताना मी पाहिलंय.

घरी येऊन आजीला दाखवलं. तिच्याही हातावर तुळस आहे, हिरवट-निळी, सुरकुत्यांत फांद्या पसरलेली. तिनं माझा हात उजेडाकडे धरला, स्वतःचा शेजारी ठेवला.

"किती घेतले गं?"

"दोन हजार."

"अगंबाई! माझी शेरभर जोंधळ्यात झाली होती. आणि वर गोंदणारणीनं गाणंही म्हटलं होतं."

आता पंधरा दिवस खाजवायचं नाही, खपली काढायची नाही, पोहणं बंद. आणि रक्तदान वर्षभर नाही, हे मला आधी सुचलंच नाही. पुढच्या रविवारच्या शिबिरात नाव दिलंय, उद्या फोन करून काढून घ्यायला हवं.