साइन-कॉसचा आयत

बारावीच्या पहिल्या चाचणीत साइन थीटा गुणिले कॉस थीटाचा डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर, आलेखाचा उतार) आला होता. मी लिहिलं: साइनचा कॉस, कॉसचा वजा साइन, दोघांचा गुणाकार. शून्य मार्क. प्रॉडक्ट रूल, म्हणजे गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम, पाठ होता हो! 'पहिला तसाच, दुसऱ्याचा डेरिव्हेटिव्ह' आम्ही चालीवर म्हणायचो. पण बेरजेत चालतं ते गुणाकारात का चालत नाही, हे उमगलं नव्हतं. घाईत हात तिकडेच वळला.

क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "थीटा शून्य ठेव." माझ्या उत्तरानं उतार शून्य आला. मग ०.१ रेडियनला मूळ गुणाकार काढायला लावला: सुमारे ०.०९९. म्हणजे शून्यापासून ०.१ पुढे गेल्यावर वाढ ०.०९९, उतार एकाच्या जवळ. (कॅल्क्युलेटर रेडियनवरच हवा, अंशांवर राहिला तर हा ताळा जमत नाही.)

मग त्यांनी १ त्रिज्येचं वर्तुळ काढलं. वर्तुळावरच्या बिंदूतून दोन्ही अक्षांवर लंब टाकले की आयत होतो. रुंदी कॉस थीटा, उंची साइन थीटा, क्षेत्रफळ म्हणजे आपला गुणाकार. कोन जरासा वाढवला की बिंदू वर चढतो आणि आत सरकतो. वरती एक पट्टी वाढते, ती कॉस वर्गाच्या पटीत. उजवीकडची एक पट्टी जाते, ती साइन वर्गाच्या पटीत. म्हणून कॉस वर्ग वजा साइन वर्ग, म्हणजेच कॉस दोन थीटा. ४५ अंशांवर पट्ट्या सारख्या होतात, आयताचा चौरस होतो आणि क्षेत्रफळ सर्वांत जास्त, अर्धा.

आणि मी पेपरात लिहिलेलं? ते कोपऱ्यातल्या चिमुकल्या तुकड्याचं होतं, जिथे दोन्ही बदल एकमेकांना गुणले जातात. कोनातला बदल लहान करत गेलं की पट्ट्यांपुढे तो तुकडा उरतच नाही. हे दिसलं तेव्हा अंगावर काटा आला. गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह हा डेरिव्हेटिव्हांचा गुणाकार असेल का, हा प्रश्न कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझलाही नोव्हेंबर १६७५ मध्ये पडला होता, हे पुढे वाचलं.

त्यानंतर साइन दोन थीटा गुणिले कॉस तीन थीटा दोन वाटांनी सोडवलं. गुणाकाराची बेरीज-वजाबाकी करून: अर्धे कंसात साइन पाच थीटा वजा साइन थीटा. त्याचा शून्यापाशी उतार दोन. प्रॉडक्ट रूलनं मात्र एक आला. तासभर शोधलं. चेन रूलनं (आतल्या भागाच्या डेरिव्हेटिव्हनंही गुणायचा नियम) साइन दोन थीटातून बाहेर येणारा तो २ लिहायचा राहिला होता.